दोन ग्रँड स्लॅम, 16 ट्रॉफ्या, तरी नंबर दोन! गिलेर्मो विलासचं गणित नेमकं कुठे बिघडलं?

2025 च्या शेवटी अल्कराझ आणि सिनर यांच्यात वर्षअखेरचा नंबर वन कोण यावरून जी रस्सीखेच चालली होती ती टेनिस बघणाऱ्यांना आठवत असेलच. ट्युरिनच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत एकेक मॅच संपली की लगेच मोबाइलवर नवे आकडे, कुणाला अजून किती पॉइंट लागतात, कोण हरला तर काय होईल, सगळं शाळकरी पोरांनासुद्धा तोंडपाठ. शेवटी स्पर्धा सिनरने जिंकली आणि वर्षाचा नंबर वन अल्कराझ ठरला, आणि हिशोबात गडबड झाली असं कुणी म्हणालं नाही, कारण हिशोब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आता याच खेळात 50 वर्षांपूर्वी काय परिस्थिती होती ते बघा. अर्जेंटिनाचा एक खेळाडू 1977 या एकाच वर्षात फ्रेंच ओपन जिंकतो, यूएस ओपन जिंकतो, ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला जातो, एटीपीच्या (पुरुष खेळाडूंच्या संघटनेच्या) नोंदीप्रमाणे एकूण 16 स्पर्धा जिंकतो, सलग 46 मॅच हरत नाही, आणि वर्ष संपल्यावर रँकिंगची यादी येते तेव्हा तो दोन नंबरवर. एक नंबरवर जो होता, अमेरिकेचा जिमी कॉनर्स, त्याने त्या वर्षी एकही ग्रँड स्लॅम (म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकलेलं नव्हतं. वर यूएस ओपनच्या फायनलला तो याच माणसाकडून हरला होता, चौथा सेट 6-0!

हा माणूस म्हणजे गिलेर्मो विलास. टेनिसच्या गप्पांमध्ये कुठेही गेलात तरी 'विलासवर अन्याय झाला' हे वाक्य येतंच. अन्याय झाला हे मलाही पटतं, पण लोक ज्या वर्षाचं नाव घेतात त्या वर्षी नाही. खरी भानगड दोन वर्षं आधीची आहे आणि ती कळायला त्या काळचं रँकिंग कसं काढायचे हे आधी समजून घ्यावं लागतं. अवघड अजिबात नाहीये, चौथीचं गणित आहे.

आधी माणूस कोण ते बघू

विलासचा जन्म 1952 चा, ब्युनोस आयर्सचा, पण वाढला मार देल प्लाता या समुद्रकाठच्या गावात. डावखुरा, लांब केस, कपाळाला पट्टी, दंड असे की पैलवान वाटावा. खेळायची पद्धत म्हणजे बेसलाइनवर ठाण मांडायचं आणि बॉलला एवढा टॉपस्पिन द्यायचा (म्हणजे बॉल पुढच्या बाजूला जोरात गरगरत जातो आणि टप्पा पडल्यावर समोरच्याच्या खांद्यापर्यंत उसळतो) की समोरचा तासाभरात वैतागून चुका करायला लागतो. त्याचा कोच होता आयन टिरियाक, रुमानियाचा, झुपकेदार मिशीवाला, ज्याला बघूनच अर्धे लोक घाबरायचे. दोघं मिळून तासन् तास सराव करायचे.

आणि हाच माणूस कविता लिहायचा! म्हणजे गंमत म्हणून वहीत नाही, 1975 मध्ये कवितांचं पुस्तकसुद्धा छापून आलंय. दोन पायांमधून, नेटकडे पाठ करून मारायचा जो शॉट असतो ना, जो फेडररने मारल्यावर आपण सगळे उभे राहून ओरडलो होतो, त्याला स्पॅनिश बोलणारे लोक आजही 'ग्रान विली' म्हणतात, ते विलासच्या नावावरून.

त्याच्या आधी अर्जेंटिनात टेनिस म्हणजे इंग्रजी वळणाच्या क्लबांमधला, पांढऱ्या कपड्यातल्या पैसेवाल्या लोकांचा खेळ. रस्त्यावरच्या पोराला फुटबॉल, बास. विलास जिंकायला लागला आणि हे सगळं पालटलं, गल्लीतल्या फुटबॉल क्लबांनी टेनिस कोर्टं बांधली, भिंतीवर बॉल मारत बसणारी पोरं दिसायला लागली. 1976 पासून देशात लष्कराची राजवट, बातम्या सगळ्या वाईट किंवा दाबलेल्या, फुटबॉलचा वर्ल्ड कप 1978 मध्ये यायचा होता, अशा मधल्या वर्षात हा एकटा माणूस दर रविवारी कुठे ना कुठे ट्रॉफी उचलत होता. लोकांचं प्रेम किती होतं ते एका नावावरून कळेल. 2004 च्या फ्रेंच ओपनची फायनल दोन अर्जेंटिनियन पोरांमध्ये झाली, गास्तोन गाउदियो आणि गिलेर्मो कोरिया, त्यातल्या कोरियाचं नाव त्याच्या वडिलांनी विलासवरूनच ठेवलेलं. ब्युनोस आयर्सच्या लॉन टेनिस क्लबच्या मुख्य कोर्टालाही आज विलासचंच नाव आहे.

रँकिंग आलंच कशाला?

1973 च्या आधी पुरुषांच्या टेनिसमध्ये अधिकृत असं रँकिंगच नव्हतं. पत्रकार आपापल्या याद्या काढायचे आणि स्पर्धेत कुणाला घ्यायचं ते आयोजक ठरवायचे, म्हणजे ओळख असेल, नाव असेल तर एंट्री. खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे एटीपीने, हे बंद करायला कॉम्प्युटरवर यादी काढायला सुरुवात केली. पहिली यादी 23 ऑगस्ट 1973 ची, पहिला नंबर वन रुमानियाचा इली नास्तासे.

म्हणजे ही यादी मुळात 'जगात सगळ्यात भारी कोण' हे सांगायला निघालेलीच नव्हती. कुणाला थेट एंट्री आणि कुणी क्वालिफाय होऊन यायचं, एवढ्याच कामाची ती होती. नंबर वनला जी पुढे एवढी किंमत आली ती त्या वेळी कुणाच्या डोक्यातही नसणार, आणि पुढचा सगळा घोळ मला वाटतं इथूनच सुरू होतो.

सरासरीचा खेळ

आज रँकिंग कसं ठरतं? मागच्या 52 आठवड्यांतल्या तुमच्या सगळ्यात चांगल्या ठरावीक निकालांची बेरीज. ग्रँड स्लॅम जिंकलं की 2000, त्याखालची मास्टर्स स्पर्धा जिंकली की 1000, असं करत करत. जास्त खेळलात तर नुकसान नाही, वाईट निकाल आपोआप बाजूला पडतात.

विलासच्या काळात बेरीज नव्हती, सरासरी होती. मागच्या 12 महिन्यांत मिळालेले सगळे पॉइंट घ्यायचे आणि जेवढ्या स्पर्धा खेळलात त्या आकड्याने भागायचं. 12 पेक्षा कमी खेळलात तरी भागाकार 12 नेच, म्हणजे एखादीच स्पर्धा जिंकून कुणी वर बसू नये.

क्रिकेटच्या भाषेत बोलायचं तर एकाने 12 इनिंगमध्ये 600 रन केले, सरासरी 50, आणि दुसऱ्याने 25 इनिंगमध्ये 1000 केले, सरासरी 40. जास्त रन कुणाचे? दुसऱ्याचे. पण यादी सरासरीची असेल तर वर पहिलाच बसणार. आणि क्रिकेटमध्ये निदान नाबाद राहिलं तर इनिंग धरत नाहीत, इथे ती सोयही नाही. उलट इथे अजून एक विचित्र प्रकार व्हायचा. समजा तुमची सरासरी 40 आहे, तुम्ही एका छोट्या स्पर्धेला गेलात आणि ती चक्क जिंकलात, पण तिचे पॉइंट 30 च आहेत. झालं, जिंकून तुमची सरासरी खाली आली! (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, त्या काळचा पॉइंटांचा तक्ता वेगळा होता.)

आता 1977 चा विलास बघा. तीसच्या आसपास स्पर्धा खेळला, सव्वाशेहून जास्त मॅच जिंकल्या. युरोप, अमेरिका, दक्षिण अमेरिका, तेहरान, जोहान्सबर्ग, जिथे बोलावतील तिथे हा हजर. त्यातल्या कितीतरी स्पर्धा छोट्या. कॉनर्स मोजक्या स्पर्धा खेळायचा, आणि ज्या खेळायचा तिथे बहुतेक वेळा शेवटच्या दिवसापर्यंत टिकायचा. सरासरीला असाच खेळाडू आवडतो. म्हणून वर्षअखेरीला कॉनर्स एक, विलास दोन, स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग तीन.

मग 1977 मध्ये अन्याय झालाच नाही म्हणता?

मनाला विचाराल तर झाला. नियमाला विचाराल तर नाही झाला. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता, सगळ्यांना सारखाच होता, आणि त्या नियमाने जे उत्तर यायचं तेच आलं. नियम बावळट होता म्हणा हवं तर, आणि तो बावळट होता हे एटीपीनेही एका अर्थी मान्यच केलं, कारण 1990 पासून सरासरी काढून टाकून चांगल्या निकालांची बेरीज आणली. पण नियम वाईट असणं वेगळं आणि नियमाचा हिशोबच न करणं वेगळं, हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

त्या वेळच्या जाणकारांचंही एकमत नव्हतं. 'वर्ल्ड टेनिस' या अमेरिकन मासिकाने 1977 चा नंबर वन विलासला दिला, 'टेनिस' मासिकाने बोर्गला. म्हणजे कॉम्प्युटर कॉनर्स म्हणतोय, एक मासिक विलास, दुसरं बोर्ग. एका वर्षाला तीन नंबर वन!

बोर्गच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही फेकून देण्यासारखा नाही. विलासने जी 1977 ची फ्रेंच ओपन जिंकली (फायनलला ब्रायन गॉटफ्रीडला 6-0, 6-3, 6-0, बिचाऱ्याला तीन गेम) त्या स्पर्धेत बोर्ग खेळलाच नव्हता, तो तेव्हा अमेरिकेत टीम टेनिस (संघांची लीग) खेळत होता. यूएस ओपनमध्ये बोर्गने खांद्याच्या दुखण्यामुळे मॅच अर्धवट सोडली. आणि दोघं समोरासमोर आले की बहुतेक वेळा बोर्गच जिंकायचा, हे विलासच्या भक्तांनी मान्य करायला हरकत नाही.

सलग 46 मॅचची मालिका मात्र ज्या पद्धतीने तुटली ते वाचून आजही हसावं का रडावं कळत नाही. फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या फायनलला समोर नास्तासे, आणि त्याच्या हातात 'स्पघेटी रॅकेट'. त्याच्या तारा दुहेरी थरात लावलेल्या, वर प्लास्टिकच्या नळ्या, बॉल एवढा वेडावाकडा फिरून यायचा की कुठे पडेल याचा पत्ता नाही. पाच सेटची मॅच, विलास पहिले दोन सेट हरला आणि सरळ खेळ सोडून निघून गेला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या रॅकेटवर बंदी आणली.

मग खरी गडबड कुठे? 1975!

आपण धरून चालतो की रँकिंग दर सोमवारी येतं. तेव्हा तसं नव्हतं. यादी काढणं हे वेळखाऊ, खर्चाचं काम, स्पर्धांचे निकाल जगभरातून कागदावर यायचे, ते कॉम्प्युटरला भरायचे, मग छापून पाठवायचे. आणि एंट्रीपुरतीच गरज असल्यामुळे अधूनमधून काढली की काम भागायचं. 1975 मध्ये अख्ख्या वर्षात डझनभराच्या आसपासच याद्या निघाल्या. मधल्या आठवड्यांत नंबर वन कोण? तर मागच्या यादीत जो होता तोच, पुढची यादी येईपर्यंत.

आणि 1975 हे वर्ष कॉनर्ससाठी कसं होतं? 1974 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि यूएस ओपन तिन्ही जिंकलेल्या. 1975 मध्ये तिन्हीच्या फायनलला गेला आणि तिन्ही हरला, अनुक्रमे न्यूकम, आर्थर अ‍ॅश आणि ओरांतेस यांच्याकडून. म्हणजे आदल्या वर्षीचे भरघोस पॉइंट एकेक करून गळत होते आणि त्यांच्या जागी कमी पॉइंट येत होते. तिकडे विलास वर चढत होता, एप्रिलमध्येच तो यादीत दोन नंबरला आलेला. सप्टेंबरमध्ये यूएस ओपनच्या सेमीफायनलला विलास ओरांतेसविरुद्ध दोन सेट वर, चौथ्या सेटमध्ये 5-0 पुढे, हातात मॅच पॉइंट, आणि तिथून हरला. (अशी मॅच हरल्यावर मी तर रॅकेट विकून टाकली असती. तो दोन वर्षांनी त्याच कोर्टावर येऊन स्पर्धा जिंकला.)

2007 च्या सुमारास एडुआर्डो पुप्पो या अर्जेंटिनाच्या टेनिस पत्रकाराने ठरवलं की ज्या आठवड्यांत यादीच आली नाही त्या आठवड्यांची यादी आपण काढायची. नियम तोच, पॉइंटांचा तक्ता तोच, सरासरीही तीच, फक्त एटीपीने जो भागाकार केला नाही तो करायचा. जुनी वर्तमानपत्रं, स्पर्धांचे ड्रॉ, एकेक निकाल गोळा केला. पुढे मारियान चुल्पान नावाचा रुमानियन गणितज्ञ सोबत आला, त्याने प्रोग्राम लिहून 1973 ते 1978 मधला प्रत्येक आठवडा मोजून काढला. काही वर्षं गेली, हजाराहून जास्त पानांचा अहवाल झाला.

उत्तर आलं ते असं: 1975 च्या सप्टेंबरपासून पाच आठवडे आणि 1976 च्या जानेवारीत दोन आठवडे, एकूण सात आठवडे विलास नंबर वन होता. एटीपीच्याच नियमाने! आणि 1977 मध्ये, ज्या वर्षासाठी सगळे भांडतात, त्या वर्षी? एकही आठवडा नाही.

मला तरी या सगळ्या प्रकरणात हे सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. ज्या वर्षी त्याने जग जिंकलं त्या वर्षी गणित त्याच्या विरुद्ध होतं, आणि ज्या वर्षी गणित त्याच्या बाजूने होतं त्या वर्षी गणित करायलाच कुणी बसलं नव्हतं.

'पण तो नुसता क्लेवरचा खेळाडू होता ना?'

हा आक्षेप हमखास येतो. क्ले म्हणजे मातीचं कोर्ट, तिथे बॉल हळू येतो, टॉपस्पिनवाल्यांची चंगळ. विलास क्लेवरचा राजा होता यात वाद नाही, त्याचा क्लेवरचा सलग 53 विजयांचा रेकॉर्ड मोडायला 2006 मध्ये नदाल यावा लागला. 1977 ची यूएस ओपनसुद्धा क्लेवरच झालेली. पण ऑस्ट्रेलियन ओपन तेव्हा गवतावर व्हायची आणि ती त्याने 1978 आणि 1979 अशी दोनदा जिंकली. तेव्हा बरेच मोठे खेळाडू ऑस्ट्रेलियाला जायचे नाहीत, त्यामुळे हे दोन विजय थोडे हातचं राखून धरा. त्यापेक्षा 1974 ची वर्षअखेरची मास्टर्स घ्या, मेलबर्नला, गवतावर, फक्त निवडक खेळाडू, त्यात न्यूकम आणि बोर्गला हरवून फायनलला पाच सेटमध्ये नास्तासेला हरवलं. विम्बल्डनला मात्र तो क्वार्टरफायनलच्या पुढे कधी गेला नाही, हे खरं आहे. आणि तसंही, नंबर वन कोण हा प्रश्न पॉइंटांचा आहे, कोर्टाच्या रंगाचा नाही.

'एवढ्या स्पर्धा खेळायला सांगितलं कुणी?'

कुणी नाही, पण लोक त्याला बघायला यायचे आणि आयोजकांना हे माहीत होतं. पुढे 1983 मध्ये रॉटरडॅमच्या स्पर्धेसाठी नुसतं येण्याचे म्हणून पैसे घेतल्याबद्दल त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली होती, नंतर अपिलात बंदी गेली आणि 20000 डॉलर दंड तेवढा राहिला. असे पैसे घेणारा तो एकटाच होता असं त्या काळी तरी कुणी मानत नव्हतं. पण यातून दिसतं काय, की त्याची लोकप्रियता हीच त्याला एवढं फिरवत होती आणि एवढं फिरणं हेच सरासरीत त्याला मारत होतं.

शिवाय त्या काळी 'ग्रां प्री' नावाची दुसरी यादीही होती, त्यात सरासरी नाही, वर्षभराच्या पॉइंटांची सरळ बेरीज, आणि शेवटी बोनसचे पैसे. ती विलासने 1974, 1975 आणि 1977 अशी तीनदा जिंकली. म्हणजे बेरजेने मोजलं तर हा पहिला, भागाकार केला की दुसरा.

एटीपी नाही का म्हणते?

2015 मध्ये एटीपीने प्रकरण बंद केलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की तेव्हा जशा याद्या निघाल्या त्याच अधिकृत, खेळाडूंनी त्याच बघून पुढचं ठरवलं, आता मागे जाऊन इतिहास बदलायचा नाही. याला थोडा अर्थ आहे. कॉनर्सला जर कळलं असतं की विलास पुढे गेलाय तर तो अजून दोन स्पर्धा खेळला असता, किंवा उलट दोन टाळल्या असत्या, काय माहीत. पण पुप्पोचा हिशोब चुकलाय, अमुक पानावर तमुक आकडा खोटा आहे, असं दाखवून त्यांनी तो खोडलेला नाही.

आणि शेजारच्या घरात काय झालं बघा. महिलांच्या संघटनेला, डब्ल्यूटीएला, 2007 मध्ये लक्षात आलं की 1976 च्या याद्या काढताना काही निकाल धरलेच गेले नव्हते आणि ऑस्ट्रेलियाची इव्हॉन गूलागाँग त्या वर्षी दोन आठवडे नंबर वन होती. 31 वर्षांनी त्यांनी ते जाहीर केलं, मानाने ट्रॉफी दिली, विषय संपला. आता कुणी म्हणेल की तिथे जुने कागद सापडले, इथे नव्या याद्या तयार कराव्या लागताहेत, तर हो, फरक आहे. पण मला तो एवढा मोठा वाटत नाही.

मान्य केलं तर काय काय हलेल?

बरंच. आज नंबर वनच्या क्रमात बोर्ग चौथा येतो, नास्तासे, न्यूकम, कॉनर्स आणि मग तो. विलास आला तर बोर्ग पाचवा, आणि त्याच्या मागचा प्रत्येक जण एकेक पायरी खाली, अगदी सिनरपर्यंत, जो आज 29 वा आहे तो 30 वा. हे किरकोळ झालं.

किरकोळ नाही ते कॉनर्सचं. जुलै 1974 ते ऑगस्ट 1977 असा तो सलग 160 आठवडे नंबर वन होता, हा रेकॉर्ड 30 वर्षं टिकला, शेवटी फेडररने मोडला. विलासचे सात आठवडे बरोबर त्याच्या मधोमध पडतात. म्हणजे त्या 160 चे तीन तुकडे होणार, कॉनर्सचे एकूण 268 आठवडे 261 होणार, आणि सलग आठवड्यांच्या यादीत जो कॉनर्स आज फेडररच्या खालोखाल आहे तो बराच खाली घसरणार. एका माणसाला सात आठवडे देताना दुसऱ्याचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मोडायचंय, आणि दुसरा अजून हयात आहे. एटीपीच्या ऑफिसात बसलेल्या कुणालाही ही फाइल उघडायची हौस का नसेल ते इथे कळतं, जरी त्यांनी हे कारण दिलेलं नसलं तरी.

विलास आता सत्तरी ओलांडून गेलाय. एटीपीच्या वेबसाइटवर त्याचं पान काढलंत तर 62 ट्रॉफ्या दिसतील, चार ग्रँड स्लॅम दिसतील, आणि करिअरमधलं सर्वोच्च रँकिंग 2, तारीख 30 एप्रिल 1975.